संग्रहातल्या जादा बासऱ्या विकताना

बासरी शिकणाऱ्याकडे दहा-बारा वर्षांत वीस-पंचवीस बासऱ्या सहज जमतात. रियाजाची एक, बैठकीची एक, साथीला लहान तीन-चार, कारागिराकडे गेल्यावर हातात घेऊन खाली ठेववली नाही म्हणून आणलेली एखादी, आणि एकाच पट्टीच्या, म्हणजे सा एकच असलेल्या, चार. त्यातल्या निम्म्या बॅगेतच पडून राहतात. बांबूला असं पडून राहणं मानवत नाही. फुंकेची ओल त्याला मिळत नाही, उन्हाळ्यात तो सुकत जातो आणि एक दिवस बॅग उघडली की फुंकायच्या छिद्रापासून खाली केसाएवढी रेघ उतरलेली दिसते. वाजत असताना विकलेली बासरी दुसऱ्याच्या हातात वीस वर्षं टिकते, म्हणून जादा बासऱ्या वेळेवर काढाव्यात.

हाताने केलेल्या दोन बासऱ्या कधीच सारख्या नसतात. कारागीर एक, पट्टी एक, दिवस एक, तरी फरक असतो. त्यामुळे “ई बेस, उत्तम स्थिती” (ई पट्टीची, खालच्या सप्तकाची लांब बासरी) एवढ्यावरून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. तिचा सूर, मापं आणि दोष मोजून लिहून दिले, तर न बघता घेणारासुद्धा समाधानी राहतो आणि बासरी परत येत नाही. खालचं सगळं त्या मोजण्यासाठी आणि नंतर ती धडपणे पोचवण्यासाठी आहे.

आधी निवड

सगळ्या बासऱ्या पट्टीनुसार चटईवर मांडा. एका पट्टीच्या दोनपेक्षा जास्त असतील तर तिथून सुरुवात करा. मात्र वर्षभर न वाजवलेली बासरी पहिल्याच फुंकेवर नापास करू नका. कोरडा बांबू पहिल्या दिवशी चिरका वाजतो. आत हलकं तेल फिरवून दोन दिवस ठेवा, मग तीन-चार दिवस रोज पंधरा मिनिटं वाजवा आणि त्यानंतरच ठरवा. या आठवड्यात विकायला काढलेली एखादी बासरी परत ठेवणीत जाते, तेही बरंच.

एकाच कारागिराने एकमेकींशी जुळवून केलेला बारा पट्ट्यांचा संच असेल तर तो फोडू नका. त्यातून पांढरी ३ आणि पांढरी ४ (सा ई आणि सा एफ, हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून पडलेली नावं) लगेच उचलल्या जातात, उरलेल्या दहांना कोणी विचारत नाही. गुरूंनी दिलेली बासरी तर विकायची नसतेच. ती वाजवली जात नसेल तर गुरूंना सांगून गुरुबंधूकडे किंवा नव्या शिष्याकडे द्यावी.

चीर, कीड, बूच

चीर शोधायला दोन तपासण्या पुरतात. पहिली उजेडाची. रात्री खोली अंधारी करा, खालच्या उघड्या तोंडातून छोटी बॅटरी आत लावा आणि बासरी सावकाश गोल फिरवत बघा. आरपार चीर असेल तर बाहेर उजेडाचा बारीक दोरा दिसतो. तो एका कोनातून दिसतो, दुसऱ्यातून नाही, म्हणून फिरवणं घाईत उरकू नका.

दुसरी हवेची. बोटांच्या सगळ्या छिद्रांवर साधी चिकटपट्टी लावा, खालचं तोंड तळहाताने घट्ट दाबा, फुंकायच्या छिद्रावर ओठ टेकवून आतली हवा ओढा आणि जिभेचं टोक त्या छिद्रावर लावा. जीभ पाच-सहा सेकंद ओढलेली राहिली तर नळी घट्ट आहे. लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे: चीर असेल किंवा बूच, म्हणजे वरचं टोक आतून बंद करणारा खुंटा, सैल असेल. चिकटपट्टी काढताना सावकाश, नाहीतर पॉलिशचा पापुद्रा निघतो.

गळतीचा पहिला फटका मंद्र पंचमाला, म्हणजे सर्वात खालच्या प ला, बसतो, कारण सगळी छिद्रं बंद असताना पूर्ण नळीने हवा धरून ठेवायची असते. वरचे स्वर ठणठणीत आणि खालचा प लावताना फुंक वाया जाते असं वाटलं, तर दोष आपल्या ओठात शोधण्याआधी ही तपासणी करा.

चीर कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. शेपटाकडच्या टोकाची दोन बोटं लांबीची चीर दोऱ्याने बांधली की वर्षानुवर्षं तशीच राहते. दोन छिद्रांच्या मधली चीर पातळ सुपरग्लू मुरवून आणि वर दोरा गुंडाळून दुरुस्त होते. ती दुरुस्त बासरी म्हणून कमी भावात विकता येते. फुंकायच्या छिद्राच्या कडेतून गेलेली चीर मात्र बासरी संपल्यासारखीच. कडेवर हवा फुटते तिथेच आवाज जन्मतो, आणि ती कड दुभंगली की डिंक, मेण, काहीही लावलं तरी आवाजातली फुसफुस जात नाही.

दोऱ्याचं एक नीट सांगायला हवं. बरेच कारागीर बासरी चिरू नये म्हणून सुरुवातीलाच चार-पाच ठिकाणी दोरा बांधतात. तोच दोरा चीर झाकायलाही वापरला जातो. त्यामुळे जाहिरातीत दोऱ्याची प्रत्येक पट्टी मूळची आहे की दुरुस्तीची, हे लिहाच. घेणारा पहिली शंका तिथेच घेतो.

कीड ओळखणं सोपं आहे: टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल भोकं आणि बॅगेच्या तळाशी पिवळसर पिठी. अशी बासरी विकायचीही नाही आणि फुकट द्यायचीही नाही. ती लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि त्याच बॅगेतल्या इतर बासऱ्या महिनाभर नजरेखाली असू द्या. पावसाळ्यानंतरची पांढरी बुरशी वेगळी. ती पुसली की पिठीसारखी परत झरत नाही. सळईला मऊ कापड गुंडाळून आतून कोरडं पुसा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात ठेवली तर बुरशी जाईल आणि चीर येईल.

बूच हलवू नका. फुंकायच्या छिद्राच्या मध्यापासून बुचापर्यंतचं अंतर साधारण नळीच्या आतल्या व्यासाएवढं असतं. ते दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी मध्य सा आणि तार सा यांचं नातं बिघडतं. बूच सैल वाटलं तर कारागिराकडून बसवून घ्या. छिद्रांच्या कडा स्वच्छ करायच्या म्हणून पॉलिशपेपर मारणं तर सर्वात महागात पडणारी चूक आहे. कडेचा अर्धा मिलिमीटर गेला तरी सूर चढतो आणि तो परत आणता येत नाही. फुंकायच्या छिद्राभोवती स्पिरिटने ओला केलेला कापूस फिरवला की स्वच्छता झाली.

सूर मोजणं

इथे वेळ घाला. एका बासरीला अर्धा तास लागतो.

मोबाईलवरचा ट्यूनर (सुराची उंची मोजणारं अॅप) ए ४४० वर, म्हणजे ए हा स्वर ४४० हर्ट्झ धरून, ठेवा. पंखा बंद. बासरी आधी दहा मिनिटं वाजवून गरम करा, कारण नळीतली हवा तापली की सूर चढतो. खोलीचं तापमानही लिहून ठेवा. हवा १० अंशांनी तापली की सूर २० ते ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बरोबर लागलेली बासरी मे महिन्याच्या दुपारी पाव सुराच्या आसपास चढलेली असते, आणि घेणारा “तुम्ही सांगितलं त्यापेक्षा चढी आहे” म्हणतो तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. २५ ते २८ अंशांत मोजलेला आकडा सगळ्यांना उपयोगी पडतो.

ट्यूनरकडे बघत वाजवू नका. काटा हलताना दिसला की ओठ नकळत सूर सावरून घेतात आणि बासरीचा नव्हे, तुमच्या ओठांचा आकडा मिळतो. डोळे मिटून मध्यम फुंकेने स्वर चार सेकंद धरा, आकडा दुसऱ्याला लिहू द्या किंवा मोबाईलची स्क्रीन रेकॉर्ड करा. प्रत्येक स्वर तीनदा. तिन्हींतला मधला आकडा घ्या.

क्रम असा: सहा छिद्रं बंद म्हणजे मंद्र प, पाच बंद ध, चार बंद नी, तीन बंद सा, दोन बंद रे, एक बंद ग, सगळी उघडी म्हणजे तीव्र म. मग तेच पुढच्या सप्तकात. सा शून्य धरायचा, म्हणून त्याचा आकडा बाकीच्यांतून वजा करा. सा जर ६ सेंट चढा असेल तर प्रत्येक आकड्यातून ६ काढायचे.

आता नवख्या विक्रेत्याचा नेहमीचा गोंधळ. ट्यूनर पियानोच्या सुरांवर चालतो, आपली बासरी तंबोऱ्यावर लावलेली असते. तंबोऱ्याचा शुद्ध ग ट्यूनरवर १४ सेंट उतरलेला दिसतो, शुद्ध नी १२, शुद्ध ध १६, तर रे ४ आणि प २ सेंट चढा. म्हणजे ग समोर उणे १४ आलं तर ती कारागिराची चूक नाही, त्याच्या कानाची पावती आहे. तक्त्याखाली एक ओळ लिहा: “सूर तंबोऱ्याला लावलेले आहेत.” कीबोर्डबरोबर वाजवणाऱ्याला ही ओळ वाचूनच कळेल की ग ला ओठाने थोडं चढवावं लागेल.

या अपेक्षित आकड्यांपासून ८-१० सेंटचा फरक ओठ सहज भरून काढतात. २० पर्यंत सवयीने जमतं, पण ते लिहावं. मध्य सा आणि तार सा यांत १५ हून जास्त फरक असेल तर बूच किंवा नळीची आतली घडण तपासायला कारागिराकडे पाठवा. दोन-तीन स्वर ३० सेंटने बाहेर असतील तर ती बासरी विकण्याजोगी नाही.

पट्टीचं नाव: सगळ्यात जास्त घोळ इथे

आपल्याकडे तीन छिद्रं बंद केल्यावर जो सा येतो त्यावरून बासरीची पट्टी ठरते. पांढरी ३ ची बासरी म्हणजे सा ई. हिंदीभाषक तिलाच सफेद ३ म्हणतात. परदेशातले वादक, विशेषतः आयरिश बासरी किंवा टिन व्हिसल वाजवणारे, सगळी छिद्रं बंद केल्यावर येणाऱ्या स्वरावरून नाव देतात. त्यांच्या भाषेत आपली पांढरी ३ ही बी ची बासरी. आणि त्यांना डी हवी असते तेव्हा त्यांना आपली पांढरी ५, म्हणजे जी, द्यावी लागते. त्यांनी “डी” मागितली म्हणून आपली पांढरी २ पाठवली तर ती त्यांच्या संगीतात निरुपयोगी ठरते आणि परतीचा खर्च बासरीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून दोन्ही स्वर लिहा, नेहमी.

पट्टी सांगून भागत नाही, सप्तकही सांगा. पांढरी १ ची मध्यम बासरी १९ इंचांच्या आसपास असते आणि त्याच नावाची बेस तिच्या जवळजवळ दुप्पट. लांबी लिहिली की शंका राहत नाही. पांढरी ३ बेस साधारण २९-३० इंच, पांढरी ५ बेस २४ इंचांच्या आसपास.

सात छिद्रांची असेल तर ठळक लिहा. पन्नालाल घोष यांनी ३२ इंची बासरी आणि सातवं छिद्र रूढ केलं. त्या परंपरेत शिकणारा सात छिद्रांचीच शोधतो, बाकीचे बहुतेक जण सहाची. सूर जुळवायला शेपटाकडे पाडलेलं भोक म्हणजे सातवं छिद्र नव्हे, हेही फोटोत दाखवा.

एक माप बहुतेक जण देत नाहीत आणि तेच निर्णायक असतं: बोटांचा ताण. पहिल्या ते तिसऱ्या आणि चौथ्या ते सहाव्या छिद्राच्या मध्यांतलं अंतर सेंटिमीटरमध्ये द्या. लहान हाताचा माणूस हे दोन आकडे आपल्या सध्याच्या बासरीशी ताडून लगेच सांगू शकतो की ही आपल्याला झेपेल की नाही.

किंमत

त्याच कारागिराची, त्याच पट्टीची नवी बासरी आज कितीला मिळते ते विचारा. तुम्ही दहा वर्षांपूर्वी किती दिले होते त्याला अर्थ नाही. निर्दोष, सुरात पक्की असेल तर नव्याच्या ६० ते ७० टक्के, दुरुस्त केलेली चीर असेल तर ३० ते ४०. कारागीर आता हयात नसेल किंवा त्याच्याकडे वर्षभराची वाट असेल तर नव्याएवढी किंमत मागायला हरकत नाही. सहा-सात उन्हाळे-पावसाळे काढून न चिरलेला, आसामचा लांब पेराचा बिनगाठीचा बांबू नव्यापेक्षा भरवशाचा असतो. तेवढं जास्त मागा आणि कारण सांगा. “अमुक कलाकाराने वाजवलेली” असं पुराव्याशिवाय लिहू नका. शिक्का किंवा सही नसेल तर कारागिराचं नावही अंदाजाने घालू नका.

जाहिरात

फोटो खिडकीशेजारी, सकाळच्या उजेडात, साध्या सुती कापडावर: पूर्ण बासरी, दोन्ही टोकं, फुंकायचं छिद्र फूटपट्टीसकट अगदी जवळून, दोऱ्याची प्रत्येक पट्टी, आणि प्रत्येक डाग. रेकॉर्डिंग मोबाईल मीटरभर लांब ठेवून, कसलाही इफेक्ट न लावता. प्रतिध्वनी घातलेल्या क्लिपवर जाणकार विश्वास ठेवत नाही. मागे तंबोरा लावा. आधी मंद्र प आठ सेकंद, मग दोन सप्तकांत आरोह-अवरोह, शेवटी मिनिटभर आलाप. मंद्र प टाळला तर घेणारा तेवढंच ओळखतो.

मजकूर असा असावा:

“पांढरी ३ बेस, सहा छिद्रं. तीन बोटांवर सा ई, सहा बोटांवर बी. ४४० ला, २७ अंशांत मोजलेली. सा २ सेंट चढा, स्वरांचा तक्ता सोबत. लांबी ७५ सेंमी, बाहेरचा व्यास २७ मिमी, आतला २२ मिमी. दोरा पाच ठिकाणी, चार मूळचे. शेवटच्याखाली ३ सेंमी चीर, चार वर्षांपूर्वी दुरुस्त, गळती नाही. कापडी खोळ सोबत. पोचल्यापासून तीन दिवसांत परत घेऊ, परतीचं कुरिअर घेणाऱ्याकडे.”

हे आधी तुमच्या गुरूंच्या शिष्यवर्गात आणि बासरी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाका. चांगल्या बासऱ्या बहुधा तिथेच जातात. जुन्या सामानाच्या सर्वसाधारण साइटवर घासाघीस जास्त आणि फसवणूकही. गावातलाच घेणारा असेल तर घरी बोलवा आणि अर्धा तास निवांत वाजवू द्या. पाच मिनिटांत कोणालाच परकी बासरी नीट लागत नाही.

पैसे यूपीआयवर घेताना एक नियम: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, मग पैसे येतील असं कोणी सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबवा. स्क्रीनशॉटवर भरवसा नको, आपल्या बँकेच्या खात्यात जमा दिसल्यावरच पार्सल द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

पॅकिंग

पुठ्ठ्याच्या खोक्यात बासरी पाठवू नये, वर दुसरं पार्सल पडलं की ती मधोमध मोडते. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप कापून आणा: एका बेस बासरीला ६३ मिमीचा, तीन बासऱ्यांना ११० मिमीचा. लांबी बासरीपेक्षा १० सेंटिमीटर जास्त, म्हणजे दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटर स्पंज भरता येतो. कापलेल्या कडेला फाइल मारा.

पाठवण्याआधी आठ दिवस तेल लावू नका, प्रवासात ते उन्हाने सुटतं आणि छिद्रांतून बाहेर येतं. शेवटचं वाजवल्यावर पूर्ण दिवस हवेवर वाळू द्या, मग सुती खोळ, त्यावर बबल रॅपचे दोन वेढे. सिलिका जेलची पुडी घालू नका. कॅमेऱ्याला ती चांगली, बांबूची मात्र उरलीसुरली ओलही शोषून ती चीर आणते. टोपणं लावून पाइप कानाशी हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.

बहुतेक खासगी कुरिअरवाले वजन आकारमानावरून लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले ५०००. ८५ सेंटिमीटर लांब आणि ८ जाड पाइप म्हणजे सुमारे १.१ किलो, प्रत्यक्ष वजन त्याहून कमी असलं तरी. खर्च किमतीत धरतानाच हे मोजा. पार्सल सोमवारी-मंगळवारी द्या. शनिवारी दिलेलं रविवारभर तापलेल्या गोदामात पडतं. एप्रिल-मे मध्ये लांबच्या गावाला न पाठवलेलंच बरं.

परदेशी पाठवताना कस्टमच्या कागदावर वापरलेलं बांबूचं वाद्य असंच लिहा आणि खरी किंमत टाका. फुंकून वाजवायची वाद्यं कस्टमच्या वर्गीकरणात ९२०५ या शीर्षाखाली येतात. भेट म्हणून दाखवून किंमत कमी लिहिली तर हरवल्यावर भरपाई त्याच आकड्याची मिळते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड बांबूची कसून तपासणी करतात, तिथे किडीचं एक भोकही चालत नाही.

पाइपमध्ये एक चिठ्ठी घाला. त्यात लिहा: पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, बासरी एक दिवस घरच्या हवेत राहू द्या, पहिले चार दिवस रोज वीस मिनिटांहून जास्त वाजवू नका. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेतून कोकणात किंवा उलट गेलेला बांबू हवा बदलताना ताण घेतो, आणि पहिल्याच दिवशी दोन तासांची बैठक केली तर तो ताण चिरेतून बाहेर पडतो.

शेवटी न विकल्या गेलेल्या, सुरात नसलेल्या दोन-चार उरतीलच. त्या नवशिक्या मुलांना वाटू नका; पहिली बासरी बेसूर मिळाली तर मुलाचा कान त्याच सुरांवर बसतो आणि पुढे तो सोडवायला वर्षं जातात. अशा बासऱ्या कारागिराकडे न्या. धड राहिलेल्या लांबीतून वरच्या पट्टीची लहान बासरी करता येईल का, हे तो नळी हातात घेऊन सांगेल.